ताशेवालं माकड

“सुनबाई, कात्री दे गं जरा.”

“कशाला हवी कात्री?”

“खोका उघडायचाय. एकदा चावी देऊन बघतो.”

“अप्पा, सकाळीच सांगितलं ना, ते खोके उघडायचे नाहीत. उद्या पुण्याचा माणूस येणार आहे न्यायला.”

“गिऱ्हाईक येणार आहे?” अप्पा कॉटवर ताठ बसले. “मग आधी सांगायचं नाही होय? न बघता माल द्यायचा? आण आण, कात्री आण.”

घ्या! सांगायला गेले एक आणि झालं भलतंच. मी कपाळावर हात मारला आणि भाकरी थापायला परत आत गेले.

ही दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. अप्पा म्हणजे माझे सासरे, चौऱ्याऐंशीच्या घरात होते. आमच्याकडे बायका नवऱ्याला नावानं हाक मारत नाहीत, पण गोष्ट सांगताना मी ‘हे’ आणि ‘ते’ करत बसले तर ऐकणाऱ्याला काही कळायचं नाही, म्हणून उखाण्याशिवायच नाव घेते, शिरीष. सांगलीत आमचं राहणं. शिरीषचं विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं वर्कशॉप. आणि अप्पांचं, एके काळी, ‘वसगडेकर खेळणी भांडार’.

त्या दिवसांत अप्पांचं काल-परवाचं सगळं पुसलं गेलं होतं. सकाळी जेवलो का हे आठवायचं नाही. पण कुठल्या सालच्या दिवाळीत कुठल्या डॉक्टरांच्या मुलीला कसली बाहुली दिली, ते फ्रॉकच्या रंगासकट सांगायचे. माणसं मात्र एकमेकांत मिसळायची. मी कधी सुनबाई असायची, कधी त्यांची गेलेली बहीण. शिरीषला तर ते बहुतेक वेळा कुणीतरी पाहुणाच समजायचे आणि ‘बसा, चहा घ्या’ म्हणायचे. शिरीष चहा घ्यायचा आणि उठून जायचा.

अप्पांच्या दुकानाचा एक नेम होता. मुंबईहून पेटी आली की प्रत्येक खोका उघडून, प्रत्येक खेळण्याला ते स्वतः चावी द्यायचे. चाललं तरच ते मांडणीवर जायचं. विकताना पुन्हा गिऱ्हाईकापुढे चालवून दाखवायचे. घाईतलं गिऱ्हाईक म्हणायचं, “अहो द्या हो, विश्वास आहे.” अप्पा म्हणायचे, “तुमचा असेल. मोठ्या माणसाला फसवलं तर तो भांडायला येतो. लेकरू नुसतं रडतं.”

दुसराही एक नेम होता, आणि तो मला कधी आवडला नाही. विकायचा माल घरी न्यायचा नाही. अप्पांच्या वडिलांचं चिवडा-फरसाणाचं दुकान होतं, ते म्हणे घरच्याच माणसांनी येता-जाता बकाणे भरून बुडवलं. मरताना त्यांनी अप्पांकडून शपथ घेतली, की दुकानातली वस्तू घरच्यांच्या तोंडी लागू द्यायची नाही. आता चिवड्याची शपथ खेळण्यांना कशाला लावायची? पण अप्पांना कोण सांगणार!

म्हणजे झालं काय, सांगलीभरच्या पोरांना खेळणी वसगडेकरांनी दिली आणि वसगडेकरांचं एकुलतं एक पोर रिकाम्या पुठ्ठ्यांशी खेळलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. वर्गातली मुलं शिरीषला म्हणायची, “तुझी काय चैन आहे बाबा!” हा कुणाला काय सांगणार? दुकानात काचेमागं एक ताशा वाजवणारं माकड होतं. शाळा सुटली की हा बाहेर रस्त्यावर उभा राहून, दुसऱ्याची मुलं ते वाजवून बघतायत, ते बघत राहायचा. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यानं मला हे हसत हसत सांगितलं होतं. तोंड हसत होतं, गळा नाही. पुढे मोठा झाल्यावर त्यानं दुकानाची पायरी चढायचंच सोडलं. दोघांत भांडण नव्हतं हो. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं.

आणि त्या वर्षी दिवाळीआधी रंगकाम काढलं, तर माळ्यावरून हे सात खोके खाली आले. वर चित्रं छापलेले जुने पुठ्ठ्याचे खोके, प्रत्येकाला सुतळीची गाठ आणि गाठीवर लाल लाखेचा ठिपका. एकावर ताशेवालं माकड, एकावर आगगाडी, एकावर सायकलवाला विदूषक. शिरीषनं मोबाईलवर फोटो काढले आणि कुणाकुणाला विचारत तो शेवटी पुण्याच्या लघाट्यांपर्यंत पोचला. हे लघाटे जुनी खेळणी जमवतात. फोनवर ते एवढ्यानं ओरडले की मला स्वयंपाकघरात ऐकू आलं.

“हात लावू नका! लाख अजिबात फोडू नका! ओरिजिनल सील आहे. मी रविवारी स्वतः येतो.”

“उघडून बघायला नको का, आत काय आहे ते?” शिरीषनं विचारलं.

“उघडलंत की ते खेळणं झालं, वसगडेकर. बंद आहे तोवर ते अँटिक आहे.”

मी म्हटलं, काय एकेक माणसं असतात! खेळण्याचं खेळणं झालं तर बिघडलं काय? पण लघाट्यांच्या हिशेबानं झाकली मूठ सव्वा लाखाची होती. शिरीषला वर्कशॉपसाठी मोटारीची तार गुंडाळायचं नवं वाइंडिंग मशीन घ्यायचं होतं, ते त्यात बसत होतं. खरं कारण मात्र मशीन नव्हतं. ते त्यानं त्या रात्री जेवताना सांगितलं.

“सात होते, कुंदा. विकले गेले नाहीत, नुसते माळ्यावर पडून होते. तरी त्यातलं एक मला द्यावंसं वाटलं नाही त्यांना.” ताटात त्याचा हात तसाच थांबला होता. “जाऊ दे. घरातून गेले म्हणजे बरं. तू फक्त रविवारपर्यंत सांभाळ. अप्पांच्या हाताला लागू देऊ नकोस.”

“नाही लागू देत,” मी म्हटलं.

म्हटलं खरं! शनिवारी दुपारी मी भाकऱ्यांत आणि सासरेबुवा स्टुलावर. कपाटावरचा माकडाचा खोका काढून, मांडीवर घेऊन कॉटवर बसले होते, म्हातारे पडले असते म्हणजे? आधी मी त्यांना रागावले. मग चहा दिला. मग टीव्ही लावला. मग दाण्याचा लाडू पुढे केला. लाडू खाल्ला त्यांनी, पण एका हातानं. दुसरा खोक्यावर.

“सुनबाई, कात्री.”

“अप्पा, आता असं बघा, ते गिऱ्हाईक बंद खोकाच मागतंय. त्याला तसाच हवाय.”

“तो मागेल. आपण द्यायचा का?” अप्पांनी खोका पोटाशी धरला. “लेकरू घरी जाऊन उघडणार. चावी देणार. नाही चाललं तर? इतक्या वर्षांत एक पोर माझ्या दुकानातून रडत गेलं नाही. उद्या नाव जाईल माझं.”

“दुकान बंद होऊन किती वर्षं झाली, अप्पा! आता कुणाचं नाव आणि कुणाचं काय.”

बोलून गेले आणि माझी मलाच चीड आली. दुकान बंद झालं हे त्यांना सांगितलं की प्रत्येक वेळी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं व्हायचं. आत्ताही तसंच झालं. तोंड उघडं राहिलं, हात खोक्यावरून घसरला. “बंद झालं? मला कुणी बोललं नाही,” एवढंच म्हणाले, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

मी तशीच पिठाच्या हातानं उभी राहिले. नवऱ्याला शब्द दिलेला होता. त्याचं चुकत होतं असंही नाही. एवढ्याशा पोराचं मन त्यानं पन्नास वर्षं आत दाबून धरलं होतं, आणि ते खोके घरातून जाऊ देत, एवढंच मागत होता तो. पण समोर हा म्हातारा रडत होता, आणि तोही मागत काय होता? एक कात्री. लघाटे बंद खोका कपाटात ठेवून बघत बसणार. ह्या माणसानं जन्मभर खोके उघडण्यापलीकडं दुसरं केलं काय होतं? मी हात धुतले आणि शिवणाच्या डब्यातून कात्री आणली.

“एकच हं अप्पा. हा एकच. बाकीच्यांना हात लावायचा नाही.”

“एकच,” ते शहाण्या मुलासारखे म्हणाले.

सुतळी त्यांनी कापली, पण लाख कात्रीनं नाही काढली. अंगठ्याच्या नखानं कडेनं अलगद उचकटली, ती आख्खी हातात आली. एरवी शर्टाचं बटण लावता येत नव्हतं त्यांना. झाकण उघडलं तसा तेलाचा वास आला. आत कागदात गुंडाळलेलं माकड होतं. लाल टोपी, पिवळी चड्डी, पुढ्यात पत्र्याचा ताशा, दोन्ही हातांत काड्या. रंग कसा कालचा असावा तसा. मी तर टाळीच वाजवली.

“द्या द्या अप्पा, चावी द्या!”

अप्पांनी चावी दिली. कर्रर्र, कर्रर्र. माकड जमिनीवर ठेवलं. माकडानं एक काडी वर नेली आणि तशीच ठेवली. आम्ही वाट बघितली. मी बोटानं हळूच ढकललं. काही नाही.

“गंजलं असेल हो,” मी म्हटलं. मला भारी वाईट वाटलं, आणि लघाट्यांचं आता काय करायचं, हेही डोक्यात आलं. “इतकी वर्षं पडून राहिलं...”

“गंजलंय कशानं? आलं तेव्हापासून तसंच आहे.” अप्पा अजिबात दचकले नव्हते. “बाद माल आहे हा.”

“बाद माल?”

“मग? लाख दिसली नाही तुला? चांगल्या मालाला कुणी लाख लावतं का? कंपनीला परत धाडायच्या खोक्याला लाख. चुकून कुणी विकू नये म्हणून.”

तेवढ्यात दारातून आवाज आला, “उघडलंस?”

शिरीष. वार्निशचे डाग पडलेला निळा शर्ट, हातात सकाळच्या न्याहारीचा डबा. रोज दोनला येणारा माणूस नेमका आज लवकर आला होता. कधीपासून उभा होता कोण जाणे.

“एवढं सांगून, कुंदा? एक काम सांगितलं होतं तुला. एक!” तो असा चढ्या आवाजात कधी बोलत नाही. “ह्या घरात माझं कधी कुणी—”

“श्श! हळू बोला हो, मिस्त्री,” अप्पा म्हणाले.

शिरीषनं माझ्याकडं बघितलं. मी ‘राहू दे’ अशी मान हलवली.

“पोराच्या कानावर जाईल,” अप्पा दाराकडं बघत म्हणाले. “शाळा सुटायची वेळ झाली.”

“कोणाच्या पोराच्या?” शिरीषनं विचारलं.

“आमचा शिरू. त्याला कळता कामा नये.” अप्पांनी माकड उचलून पदराआड लपवावं तसं सदऱ्याच्या टोकानं झाकलं. मग त्यांनी शिरीषच्या शर्टावरचे डाग बघितले, हात बघितले, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. “तुम्ही मिस्त्रीच ना? तुम्हाला जमेल का हो हे? माझा हात विकणाऱ्याचा, दुरुस्तीचा नाही. उघडतो, बघतो, परत बांधून ठेवतो. असे सात झाले.”

“सगळे सात बाद आहेत?” मी विचारलं.

“सगळे. दर वाढदिवसाला एक बाजूला काढतो त्याच्यासाठी.”

शिरीष डबा हातात धरूनच म्हणाला, “बादच कशाला काढायचा, अप्पा? दुकान भरलेलं होतं ना चांगल्या मालानं?”

“विकायचा माल घरी नेता येत नाही. वडिलांना शब्द दिलाय मी मरताना.” अप्पा त्याला समजावून सांगायला लागले, अगदी अदबीनं, परक्या माणसाला सांगतात तसं. “पण बाद माल विकायचा नसतो. तो नेला तर शब्द मोडत नाही. म्हणून कंपनीला परत नाही धाडला. म्हटलं, हा नीट झाला की शिरूचा. रोज बाहेर उभा राहून बघतो हो ते पोर. आत येत नाही. त्याला वाटतं मला दिसत नाही. गल्ल्यावरून समोरच दिसतं सगळं.”

“मग तसंच द्यायचं होतंत.” शिरीष म्हणाला. “नसतं चाललं तरी... नुसतं द्यायचं.”

“न चालणारं?” अप्पांना तो काय बोलतोय तेच कळेना. “परक्याच्या लेकराला देत नाही मी. माझ्या पोराला देऊ?”

बाई गं! मी तिथंच जमिनीवर बसले आणि पदर तोंडाला लावला. एक शब्द बापाचा आणि एक नेम स्वतःचा, ह्या दोन दगडांवर दोन पाय ठेवून हा माणूस सात वाढदिवस नुसता उभा राहिला, आणि तिकडं पोर मोठं होऊन गेलं.

शिरीषनं डबा खाली ठेवला. अप्पांच्या समोर मांडी घालून बसला. खिशातून पेचकस काढला आणि म्हणाला, “द्या इकडं. बघू.”

माकडाच्या पाठीवरचा पत्रा त्यानं कडेनं उचकटला. आतलं यंत्र बाहेर काढलं. अप्पा खाली उतरून त्याच्या खांद्याला खांदा लावून वाकून बघत होते. “ते बघा, तिथं अडतं,” “जपून, मिस्त्री, पत्रा कापेल,” “तेल आणू का?” असं त्यांचं चाललेलं. दिवसभर मोटारींशी झटणारे शिरीषचे ते जाडजूड हात, आणि काम मात्र इतकं नाजूक करत होता की बघत राहावं. मी ताटं वाढली, झाकून ठेवली, भाकऱ्या वातड झाल्या. कुणी जेवायला उठलं नाही.

“स्प्रिंगचा आकडा सुटलाय, तो बसला,” शेवटी शिरीष म्हणाला. “पण चाकाचा एक दाता मुळातच तुटकाय. त्याला इलाज नाही.”

“चावी द्या.”

“तुम्ही द्या, अप्पा.”

अप्पांनी चावी दिली. माकडानं मान वळवली आणि ताशा वाजवला. तडतड, तडतड, तडतड... आणि थांबलं. शिरीषनं टिचकी मारली. पुन्हा तडतड तडतड, पुन्हा थांबलं.

मी म्हटलं आता अप्पा खूश होतील. अप्पांनी मान हलवली. दुकानदार होते शेवटी.

“नाही. अडतंय. शिरूला नाही द्यायचं हे. बांधा परत. सुनबाई, लाख आण.”

मी शिरीषकडं बघितलं. त्याचं नाक लाल झालं होतं. त्यानं माकडाला हात लावला नाही, अप्पांच्या गुडघ्यावर ठेवला.

“द्या की, अप्पा. आवडेल त्याला. अडणारंसुद्धा आवडेल.”

“कशावरून म्हणता?”

“मी ओळखतो त्याला.”

अप्पांनी त्याच्याकडं खूप वेळ बघितलं. त्यांना काय दिसलं ते देव जाणे. ओळख पटली असं मी म्हणणार नाही, उगाच खोटं कशाला सांगू. पण त्यांनी माकड उचललं, सदऱ्यानं पुसलं आणि गिऱ्हाईकाला देतात तसं दोन्ही हातांनी शिरीषपुढं धरलं.

“मग तुमच्या हातूनच द्या, मिस्त्री. मला तो लाजतो. सांगा त्याला, चावी उलटी फिरवायची नाही. आणि मोडलं तर रडू नको म्हणावं. अजून सहा आहेत.”

“सांगतो,” शिरीष म्हणाला. माकड घेऊन तो मागच्या मोरीत गेला आणि हात धुवायच्या निमित्तानं बराच वेळ नळ सोडून उभा राहिला. बाहेर आला तेव्हा हात तसेच काळे होते.

लघाट्यांना त्यानं संध्याकाळी फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. ते आधी चिडले, मग विनवण्या करायला लागले, मग एकच विचारलं, “किती फोडलेत?” शिरीष म्हणाला, “एक. आणि वाजतंय.” वाइंडिंग मशीन काही त्या वर्षी आलं नाही.

शिरीषच्या पुढच्या दोन वाढदिवसांना दोघांनी मिळून दोन खोके उघडले. आगगाडी चालली. विदूषक सायकलवरून पडायचा तो पडतोच. अप्पा शेवटपर्यंत शिरीषला मिस्त्रीच म्हणत राहिले आणि शिरीषही ‘ओ’ देत राहिला. पण चहा घेऊन लगेच उठून जाणं त्यानं सोडलं. पेचकस घेऊन रोज थोडा वेळ तरी कॉटशेजारी बसायचा. अप्पा गेले तेव्हा चार खोके बांधलेले होते. अजून आहेत. मी कधी म्हटलं, उघडू या का, तर शिरीष म्हणतो, “चावी देऊन पास कोण करणार?”

लघाट्यांनी मात्र आशा सोडलेली नाही. दर दिवाळीला त्यांचा फोन येतो. “काय वसगडेकर, लाख शाबूत आहे ना?”

“आहे. पण विकायचे नाहीत.”

“मग उघडणार तरी आहात का?”

शिरीष वर्कशॉपच्या टेबलावरच्या माकडाला टिचकी मारतो आणि दर वर्षी तेच उत्तर देतो.

“बघू. मिस्त्रीला सवड झाली की.”